आरसा, भ्रमणध्वनी आणि आई

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथे माता-भगिनींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेली एस.टी. कुंभारी ओलांडून वळसंगच्या थांब्यावर येते, तेव्हा तीत महाविद्यालयातून परतणाऱ्या मुली असतात. खिडकीशी बसलेल्या एखादीने भ्रमणध्वनी डोळ्यांसमोर धरलेला असतो. ती कोणाशी बोलत नसते, काही वाचतही नसते. पडद्यावर तिचा स्वतःचाच चेहरा असतो. हनुवटी किंचित खाली, मान जराशी डावीकडे, एक छायाचित्र. ते पुसून दुसरे. तेही पुसून तिसरे. घरी आल्यावर आई विचारते, "एवढा वेळ काय बघतीस गं त्यात?" उत्तर येते, "काही नाही." या 'काही नाही'च्या पोटात काय दडले आहे, त्याचा विचार करण्यासाठी आजचे हे एकत्र येणे आहे.

आरसा काही नवा नाही. आजीच्या फणेरपेटीच्या झाकणाला आतून आरसा असे. कुंकू रेखण्यापुरते, भांग सरळ आहे की नाही ते पाहण्यापुरते त्याचे काम. झाकण मिटले की आरसाही मिटे आणि बाई कामाला लागे. त्या आरशाचे एक मोठे वैशिष्ट्य होते, ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. तो जे पाही ते दुसऱ्या कोणाला सांगत नसे. हातातला नवा आरसा मात्र चारशे जणांना जाऊन सांगतो, आणि त्या चारशेंपैकी कितींना चेहरा आवडला याचा आकडाही संध्याकाळपर्यंत घेऊन येतो.

शिवाय हा आरसा खोटे बोलतो. त्वचा गुळगुळीत करणारी, डोळे मोठे करणारी, रंग दोन छटा उजळवणारी सोय त्यात असते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण कोणतीही सोय न वापरता काढलेले छायाचित्रही सरळ नसते, हे थोड्यांना ठाऊक आहे. २०१८ साली अमेरिकेतील शल्यविशारदांनी गणित मांडून दाखवले की, हात लांब करून बारा इंचांवरून घेतलेल्या छायाचित्रात नाकाचा पाया पाच फुटांवरून घेतलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. जवळची वस्तू मोठी दिसणार, हा दृष्टीचा साधा नियम आहे. नाक बारीक करून द्या म्हणून येणाऱ्या रुग्णांना आधी हे समजावून सांगता यावे, यासाठी त्या वैद्यांनी हा खटाटोप केला. ज्या नाकाबद्दल वळसंगची एखादी मुलगी रात्री उशीत तोंड खुपसून रडत असेल, ते नाक तिच्या चेहऱ्यावर नाहीच. ते भिंगात आहे.

या विषयावर मोकळेपणाने बोललेली एक आई सर्वांच्या परिचयाची आहे. समीरा रेड्डी हे नाव २००२ साली 'मैंने दिल तुझको दिया' या चित्रपटाने लोकांसमोर आले; पुढे 'मुसाफिर', 'टॅक्सी नंबर ९२११', 'रेस' असे चित्रपट त्यांनी केले. चित्रपटसृष्टीतील नट्यांचे दाखले घरासंसाराच्या गोष्टीत कशाला, असे येथील काही वडीलधाऱ्यांना वाटेल आणि ते वाटणे अगदीच निराधार नाही. तरीही हा दाखला घ्यायचा, कारण ज्या कारखान्यात या मोहक प्रतिमा घडतात त्या कारखान्यातूनच ही बाई बाहेर आली, आणि बाहेर येऊन तिने आतली हकिकत सांगितली. वडील तेलुगू, जन्म मुंबईचा, आणि जानेवारी २०१४ मध्ये मराठी पद्धतीने झालेल्या विवाहानंतर वर्दे घराण्याची सून. पती अक्षय वर्दे यांचा मोटारसायकली घडवण्याचा व्यवसाय आहे. त्याचे नावच 'वर्देंची' असे षष्ठीतले, अस्सल मराठी.

त्यांची हकिकत अशी. लहानपणी त्या अंगाने स्थूल होत्या आणि बोलताना अडखळत. पुढे याच मुलीची गणना देखण्या नट्यांत होऊ लागली. पण तेथेही सावळा रंग, उंची, रुंद बांधा यांवर बोट ठेवले जाई. शरीरावर शस्त्रक्रिया करून घेण्याविषयी दडपण येई. ती शस्त्रक्रिया त्यांनी केली नाही. २०१५ च्या मे महिन्यात मुलगा झाला. नट्यांनी बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पूर्ववत सडपातळ होऊन छायाचित्रकारांसमोर उभे राहायचे, अशी त्या क्षेत्राची रीत. यांचे वजन शंभर किलोंच्या पुढे गेले. केस गळून डोक्यावर चट्टा पडला. बाळ निरोगी, पती समंजस, घरात कशाची वाण नाही, आणि तरीही आईला बाळाला जवळ घेण्याची उभारी वाटेना. रस्त्यात लोक पाहत आणि 'ही तीच ना? हिचे काय झाले?' असे विचारत. या काळात त्या लोकांच्या नजरेपासून जवळजवळ अज्ञातवासातच राहिल्या.

बाळंतपणानंतरचा हा विषाद आपल्याकडे नवा नाही, त्याला नाव मात्र नव्हते. 'बाळंतीण जरा चिडचिडी झालीय', 'दृष्ट लागली' एवढ्यावर भागत असे. माहेरी सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल लावणारी सुईण, आणि कोणासमोर उभे राहण्याची सक्ती नाही, अशी जी जुनी व्यवस्था होती तिच्यातले एक शहाणपण आता कळते. त्या चाळीस दिवसांत बाईच्या शरीराकडे बघणाऱ्या नजरा फक्त सुखरूपपणा विचारणाऱ्या असत. आज तिसऱ्या दिवशी रुग्णालयातूनच छायाचित्र जाते, आणि खाली कोणी लिहितो, 'वहिनी, ओळखूच आल्या नाहीत!' लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटते.

जुलै २०१९ मध्ये समीरा यांना मुलगी झाली. या दुसऱ्या खेपेस त्यांनी लपायचे नाही असे ठरवले. गरोदरपणातली आणि नंतरची स्वतःची छायाचित्रे त्या समाजमाध्यमावर ठेवत गेल्या. पोट सैल, डोळ्यांखाली काळे, केस पांढरे. त्यातली काही छायाचित्रे आपल्या मर्यादेच्या कल्पनेत बसणारी नाहीत, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला : जे शरीर मूल घडवते, त्याला मूल घडवल्याच्या खुणांची लाज का वाटावी? २०२१ साली त्यांनी केस रंगवणे थांबवले. त्याआधी पांढऱ्या मुळांची रेघ कोणाला दिसू नये म्हणून दर दोन आठवड्यांनी त्या केस रंगवत. वडिलांनी काळजीने विचारले की, लोक काय म्हणतील? मुलगी चाळिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई. पण बापाला लोकांचीच काळजी. हा बाप कोणाच्याही घरातला असू शकतो, म्हणून त्याला नावे ठेवू नयेत.

या कथेतला सर्वांत गोड भाग मात्र सासूबाईंचा आहे. मंजरी वर्दे या चित्रकार. २०२० च्या टाळेबंदीत या सासू-सुनेने मिळून गमतीच्या चित्रफिती करायला आरंभ केला. सून पसारा घालणारी आणि सासू ठसकेबाज, असा त्यांचा थाट. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी वर्षानुवर्षे सासू-सुनेला एकमेकींच्या जिवावर उठवले असताना, स्वयंपाकघरातली ही थट्टामस्करी लाखो घरांत आवडीने पाहिली गेली. आपल्या वयाला, आपल्या सुरकुत्यांना हसू शकणारी सासू घरात असली, तर सुनेला आपल्या पोटाची लाज कशी वाटेल?

येथे एक शंका घेतलीच पाहिजे. खरेपणासुद्धा विकला जातो. 'पाहा, मी किती साधी' असे म्हणणाऱ्या चेहऱ्यामागेही छायाचित्र काढणारा कोणी असतो, प्रकाश बरा असतो, आणि पुढच्या चित्रफितीत एखाद्या साबणाची जाहिरात असते. ज्या बाजाराने रंगवलेला चेहरा विकला तोच बाजार आता न रंगवलेला चेहराही विकू पाहतो. समीरा वर्दे यांच्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. त्यांनी सोसलेले खरे आहे. परंतु त्यांचे पाहून वळसंगच्या मुलीने आपली पुटकुळी चारशे जणांना दाखवावी, असा त्याचा अर्थ होत नाही. जे दाखवले नाही ते खोटे, असे कोणी सांगितले? फणेरपेटी मिटणारी आजी काही कमी खरी नव्हती.

प्रतिमेचा पडदा नुसता घरात आल्याने काय होते, याचा एक पुरावा दूरच्या फिजी बेटांवर मिळाला. ऊसमळ्यांत गिरमिट म्हणून गेलेल्या भारतीयांमुळे फिजीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण ही गोष्ट तेथील मूळच्या रहिवाशांची. त्यांच्यात भरलेले अंग हे आरोग्याचे आणि घरच्या सुबत्तेचे लक्षण समजत. पाहुण्याला आग्रह करकरून वाढत. १९९५ साली तेथील एका भागात दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या अमेरिकी संशोधिकेने त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ साली पुन्हा केली. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीची लक्षणे दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी १९९५ मध्ये आढळली नव्हती. तीन वर्षांनी अशा ११.३ टक्के निघाल्या. आणि तो पडदा भिंतीजवळ ठेवलेला, सर्वांनी मिळून पाहायचा होता. उशीखाली ठेवायचा नव्हता.

उशीखालच्या पडद्याविषयी तर खुद्द कारखानदारांनाच ठाऊक होते. इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले आणि २०१२ साली फेसबुकने ते विकत घेतले. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. त्यांत कंपनीच्याच पाहणीचा निष्कर्ष होता की, आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्रामने ते अधिकच वाईट वाटते. ही यंत्रणा मुलीचा द्वेष करत नाही. तिचा अंगठा कोणत्या चित्रावर क्षणभर थांबला एवढेच ती टिपते, आणि तसलेच आणखी शंभर पुढे सरकवते. जखमेवर बोट थांबते, म्हणून जखमच दाखवत राहते.

एवढे सगळे दोष बाहेर टाकून मोकळे होता आले असते तर फार बरे झाले असते. पण आईच्या तोंडची वाक्ये भ्रमणध्वनीच्या आधीची आहेत. "उन्हात हिंडू नको, काळी पडशील." "थोरली उजळ आहे, ही बापावर गेलीय." "पोरगी अंगानं जरा जास्तच सुटलीय, स्थळं कशी यायची?" मराठीत हे बोलले जाते, आणि या पट्ट्यात घराघरांत चालणाऱ्या कन्नडमध्येही हेच बोलले जाते. वधूवर सूचक मंडळांच्या पत्रकांत 'गोरी, सडपातळ' ही दोन विशेषणे शिक्षणाच्याही आधी छापली जातात. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले. कंपनीने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून टाकला. डबीवरचे नाव बदलले, पत्रकावरचे विशेषण तसेच आहे.

आणि हे कोठे? ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे तेथे! ज्याच्या काळ्यासावळ्या रूपासाठी लक्षावधी माणसे आषाढात पाऊस अंगावर घेत चालत येतात, त्याच्या दर्शनाहून परतल्यावर सुनेच्या रंगाची चर्चा होते. विठ्ठलाला कोणी कधी 'जरा उजळ असता तर' असे म्हटले नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी उसाचा जो दृष्टांत दिला तो येथे लहान मुलांनाही पाठ आहे; तो म्हणून दाखवायची आवश्यकता नाही, आठवला तरी पुरे.

मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा. तिचा दोष कुरूपतेचा नव्हता, सौंदर्याचा होता. रूप पाहून बिदरच्या बादशहाने तिला बोलावणे धाडले आणि त्या रूपाची मालकी कोणाची, असा प्रश्न उभा राहिला. परंपरा सांगते की, तिने पंढरीनाथाच्या पायांवर देह ठेवला. देखणी नसलेल्या मुलीला हिणवतात आणि देखणीला मागणी घालतात. दोन्हीकडे बघणारा एकच, आणि बघितल्या जाणारीला विचारणारे कोणी नाही. कान्होपात्रेच्या कथेत बादशहाचा एक हुजूरदूत होता. आता प्रत्येकीच्या हातात तो येऊन बसला आहे.

वळसंगच्या भूमीवर हा विषय निघाला म्हणजे येथील एका विहिरीची आठवण टाळता येत नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावी त्या विहिरीवर आले होते. सार्वजनिक पाणवठा ज्यांना नाकारला गेला त्यांची ती विहीर. एका समाजाच्या देहालाच दुसऱ्यांच्या नजरेने विटाळ ठरवले होते. त्या अन्यायाची आणि छायाचित्राखालच्या शेऱ्याची बरोबरी करणे हा त्या माणसांचा अवमान ठरेल. तसा हेतू नाही. सांगायचे एवढेच की, नजर बदलण्याची वाट पाहत ती माणसे तहानलेली बसून राहिली नाहीत.

याच सोलापूर जिल्ह्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांच्या 'फँड्री' चित्रपटात एक सावळा मुलगा नाक सरळ व्हावे म्हणून झोपताना नाकाला चिमटा लावतो. प्रेक्षागृहात तेव्हा हसू येते आणि लगेच ते घशात अडकते. मुलगे या दुःखातून सुटलेले नाहीत, हे त्या चिमट्याने दाखवले. आज त्या चिमट्याच्या जागी व्यायामशाळेतली पावडर आली आहे. पुढे 'सैराट'मध्ये अकलूजची रिंकू राजगुरू ही शाळकरी मुलगी नायिका झाली. गोऱ्या नायिकेची चौकट तिने मोडली आणि २०१६ साली अवघ्या महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतले. तिच्या बोलीवर, बुलेट चालवण्यावर लोक लुब्ध झाले. म्हणजे लोकांनाही दुसरे काही आवडू शकते. दाखवणाऱ्याने दाखवले पाहिजे.

आता एका अधिक गंभीर गोष्टीकडे वळावे लागेल, कारण तिच्यापुढे रंग-रूपाची चर्चा फिकी पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. देशभरातील १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५९.१ टक्के. दहांतल्या जवळजवळ सहा मुली. अशा मुलीने पडद्यावरची कंबर पाहून रात्रीची भाकरी सोडली तर काय होईल? ती दमते, तिचा अभ्यासात जीव लागत नाही, चेहरा पांढुरका पडतो. आणि त्या पांढुरकेपणाला एखादी शेजारीण 'उजळलीस गं!' असे म्हणते. याहून क्रूर प्रशंसा दुसरी नसेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. ती ज्वारी, शेंगाची चटणी, पालेभाजी आणि वर लिंबू हे ताट सोलापूरच्या घराला परके नाही. ते ताट दूर सारणाऱ्या मुलीशी वाद घालण्याआधी तिच्या पापणीच्या आतला रंग एकदा पाहावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. आणि मुलगी सतत उपाशी राहत असेल, जेवून लगेच न्हाणीघरात जात असेल, बोलेनाशी झाली असेल, तर डॉक्टरांकडे नेण्यास कमीपणा मानू नये. बाहेरचे पाहण्याचा तो प्रसंग नव्हे.

मग भ्रमणध्वनी काढून घ्यावा काय? हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आहे. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण जन्मवर्ष खोटे टाकायला दहावीच्या मुलाला किती वेळ लागतो, ते घरोघरी ठाऊक आहे. शिवाय अभ्यासाचे वर्ग, शाळेच्या सूचना, बसची वेळ सारे त्यावरच. काढून घेतलेला भ्रमणध्वनी मैत्रिणीच्या घरी भेटतो. रात्री तो आईच्या खोलीत राहील, एवढा नियम मात्र चालू शकतो, जर आईचाही तेथेच राहणार असेल तर.

२०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातील सीतापूरची एक मुलगी दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिली आली. वृत्तपत्रांत तिचे छायाचित्र आले आणि गुण बाजूला राहून तिच्या ओठांवरच्या लवेवर हजारो लोकांनी चेष्टा केली. ती चेष्टा करणाऱ्यांत सगळे उनाड पोरगेच होते असे नाही. घरात लेकीबाळी असलेले, आईबाप असलेले लोकही होते. त्यांच्या लेकींनी ते वाचले असणार.

आणि जाता जाता एक प्रश्न. मुलगी दोन महिन्यांची असताना तिचे पहिले छायाचित्र समाजमाध्यमावर कोणी टाकले? बारशाचे, जावळाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनात ओठ रंगवून उभी केली तेव्हाचे? किती जणांना आवडले ते मोजून "बघ, तुला दोनशे जणांनी पसंत केलं" असे तिला प्रथम कोणी सांगितले? बऱ्याच घरांत या प्रश्नाचे उत्तर 'आई' असेच येते. या सभेनंतर गटाचे छायाचित्र काढले जाईल आणि ते लगोलग सर्वत्र जाईल. त्यात पुढच्या ओळीत बसलेल्या मुलींनाही आधी विचारले जावे, ही आयोजकांना विनंती आहे. एखादी नको म्हणाली, तर तिला कारण विचारू नये.